नीरब्राह्मी: रोप ओळखण्यापासून तेल गाळण्यापर्यंत

‘ब्राह्मी लावली होती, पण मे महिन्यात जळून गेली.’ ‘पानं वाळवली, तर काळी पडली.’ ‘घरी तेल केलं, महिनाभरात वास यायला लागला.’ या तीन तक्रारी मला सतत ऐकायला मिळतात. तिन्ही वेगवेगळ्या वाटल्या तरी सगळ्यांचा संबंध पाण्याशी आहे. झाड वाढत असताना आपण त्याला पाणी कमी देतो, आणि काढणीनंतर त्यातलं पाणी पुरतं काढत नाही. त्याच्याही आधीची एक चूक असते, ती म्हणजे कुंडीत लावलेली ब्राह्मी मुळात नीरब्राह्मी, म्हणजे पाणथळ जागी सरपटत वाढणारी औषधी वनस्पती, नसतेच.

म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिलं आहे. क्रम मोडू नका, विशेषतः तेल करताना.

आधी कुळाबद्दल एवढंच

नीरब्राह्मीचं शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. जुन्या वर्गीकरणात ती स्क्रोफ्यूलॅरिएसी या कुळात होती, आणि मराठीत या कुळाला तिच्याच नावाने ‘नीरब्राह्मी कुल’ म्हणतात. आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला प्लँटॅजिनेसी कुळात, म्हणजे इसबगोलाच्या घरात नेलं आहे. बागेतला स्नॅपड्रॅगन, लाल झुपकेदार रसेलिया, डोंगरातली कुटकी आणि डिजिटॅलिस हीसुद्धा पूर्वी स्क्रोफ्यूलॅरिएसीतच धरत असत.

इशारा: डिजिटॅलिस दिसायला सुंदर असलं तरी त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि तो थेट हृदयावर परिणाम करतो. एका कुळातली एक वनस्पती औषधी आहे म्हणून दुसरीचं पान तोंडात घालू नका.

टप्पा १: रोप ओळखणं

आपल्याकडे ‘ब्राह्मी’ या एका नावाखाली दोन वनस्पती विकल्या जातात. एक नीरब्राह्मी, दुसरी कारिवणा म्हणजेच मंडूकपर्णी (सेंटेला एशियाटिका). केरळात ब्राह्मी म्हटलं की नीरब्राह्मी समजतात, तर उत्तरेत आणि आपल्याकडच्या पुष्कळ नर्सऱ्यांत कारिवणा हातात पडते. मी पहिल्यांदा आणलेलं ‘ब्राह्मी’चं रोपही कारिवणाच निघालं, आणि ते कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला. कारिवणाही गुणी वनस्पती आहे, पण तिचं कुळ कोथिंबीर-गाजराचं आहे, तिची मात्रा वेगळी आणि लागवडही वेगळी. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, या दोघींच्या नोंदी स्वतंत्र आहेत.

रोप हातात घ्या आणि या क्रमाने बघा.

१. देठ. नीरब्राह्मीच्या पानाला देठ जवळजवळ नसतोच, पान थेट खोडाला चिकटलेलं असतं. कारिवण्याचं पान लांब देठावर छत्रीसारखं उभं राहतं.

२. पानाचा आकार. नीरब्राह्मीचं पान लहान चमच्यासारखं असतं, बुडाशी निमुळतं आणि टोकाशी गोलसर. लांबी साधारण एक ते दोन सेंटिमीटर, आणि कडा बहुधा साधी. कारिवण्याचं पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बोथट दात आणि बुडापासून पसरलेल्या ठळक शिरा.

३. जाडी. नीरब्राह्मीचं पान बोटांत दाबलं की गुबगुबीत, रसाळ लागतं. मधली शीर सोडली तर बाकी शिरा दिसत नाहीत. भिंगातून पाहिलं तर पानावर बारीक ठिपके दिसतात.

४. मांडणी. पानं खोडावर समोरासमोर जोडीने येतात. खोड जमिनीवर सरपटतं आणि प्रत्येक पेरापाशी पांढरी मुळं फुटतात.

५. फूल. पानाच्या बगलेत बारीक दांड्यावर एकेकटं, पाच पाकळ्यांचं, पांढरं किंवा फिकट जांभळट. कारिवण्याची फुलं इवलीशी, लालसर आणि पानांच्या आड जमिनीलगत असतात.

आणखी तीन वनस्पतींशी गल्लत होते. घोळीची पानंही मांसल असतात, पण तिचं खोड लालसर, फूल पिवळं आणि चव आंबट असते. जलपिंपळी याच ओलसर जागी पसरते, पण तिच्या पानाच्या टोकाकडे करवतीसारखे दात असतात आणि फुलं लांब दांड्यावर बोंडासारख्या गुच्छात येतात. तिसरी गल्लत नावातूनच होते: टांगत्या कुंड्यांसाठी ‘बकोपा’ म्हणून जे पांढऱ्या फुलांचं रोप विकतात, ते दक्षिण आफ्रिकेतलं शोभेचं झाड आहे. ते खरोखर आजच्या स्क्रोफ्यूलॅरिएसी कुळातलं आहे, पण औषधी नीरब्राह्मी नव्हे. बागेत छान दिसतं, तेवढ्यासाठीच ठेवा.

तपासणी: पाचही खुणा जुळल्यावरच पानाचा छोटा तुकडा चघळून बघा. नीरब्राह्मी स्पष्ट कडू लागते. चव ही शेवटची खूण आहे, सुरुवात तिने करू नका.

टप्पा २: रोप कुठून आणायचं

नीरब्राह्मी पाणथळ जागी आपोआप वाढते. तळ्याच्या काठाला, भातखाचराच्या बांधाला, कालव्याच्या पाझराला आणि शहरातल्या नाल्यांच्या कडेलाही ती दिसते. नाल्याकाठची हिरवीगार गादी बघून मोह होतो, पण तिथली ब्राह्मी तोडू नका. ही वनस्पती पाण्यातले आणि चिखलातले जड धातू स्वतःत साठवते. कॅडमियम, शिसं, पारा, क्रोमियम असे धातू दूषित पाण्यातून शोषून घ्यायला ती वापरता येते का, याचा अभ्यास त्यामुळेच झाला आहे. हे धातू धुऊन जात नाहीत, उकळून नाहीसे होत नाहीत आणि वाळवल्यावर उलट पाल्यातलं त्यांचं प्रमाण वाढतं.

म्हणून रोप कृषी विद्यापीठाच्या किंवा औषधी वनस्पतींच्या खात्रीच्या रोपवाटिकेतून, नाहीतर ज्याच्याकडे ती स्वच्छ पाण्यावर वाढते आहे अशा ओळखीच्या माणसाकडून आणा. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘प्रज्ञाशक्ती’ आणि ‘सुबोधक’ नावाच्या जाती काढल्या आहेत. शेतावर लागवड करायची असेल तर त्यांची चौकशी करा. घरच्या चार टबांसाठी जातीचा आग्रह नको, ओळख पक्की असली की पुरे.

बियांच्या मागे लागू नका. बी धुळीसारखं बारीक असतं आणि रुजवणं किचकट जातं. पेर असलेला खोडाचा तुकडा मात्र चार-पाच दिवसांत मुळं धरतो.

टप्पा ३: भांडं आणि माती

खोल कुंडी नको. नीरब्राह्मीची मुळं वरवर राहतात, वेल मात्र आडवा पसरतो. सहा इंच खोल आणि बारा इंच किंवा त्याहून रुंद टब घ्या. जुनं प्लॅस्टिकचं घमेलं उत्तम. सिमेंटचं घमेलं वापरणार असाल तर आठवडाभर पाणी भरून ठेवा आणि रोज बदला.

इथे नेहमीच्या कुंडीपेक्षा उलटा विचार करायचा आहे. इतर झाडांना निचरा हवा म्हणून आपण तळाला भोकं पाडतो. इथे तळाला भोक नको. बाजूला, मातीच्या पातळीशी एक भोक पाडा, म्हणजे जास्तीचं पाणी तिथून निघून जाईल आणि माती कायम ओली राहील.

माती अशी:
दोन भाग पोयटा किंवा शेतातली काळी माती,
एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत,
अर्धा भाग वाळू.

कोकोपीटवर सगळी भिस्त ठेवू नका. भोक नसलेल्या टबात ते सदा चिंब राहून आंबतं आणि आंबट वास येऊ लागतो. शेणखत कच्चं असेल तरीही हेच होतं.

किती टब लावायचे याचा हिशेब आधीच करा, कारण पुढे निराशा इथेच होते. बारा इंची टबातून एका कापणीला साधारण दीड-दोनशे ग्रॅम ताजा पाला मिळतो. वाळल्यावर त्याचे वीस-तीस ग्रॅम उरतात. पाव लिटर तेल करायचं असेल तर किमान चार टब हवेत.

टप्पा ४: लागवड

महाराष्ट्रात उत्तम वेळ म्हणजे पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर, जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत. पाणी हाताशी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येही लावता येते. कडाक्याच्या थंडीत लावलेले तुकडे जगतात, पण महिनाभर जागचे हलत नाहीत.

१. माती टबात भरून पाणी घाला आणि हाताने कालवा. भातलावणीच्या चिखलासारखी झाली पाहिजे. एक रात्र तशीच राहू द्या.

२. निरोगी वेलाचे सात ते दहा सेंटिमीटर लांबीचे तुकडे करा. प्रत्येकाला तीन-चार पेरं हवीत. मुळं आधीच फुटलेली असतील तर आणखी चांगलं.

३. खालच्या दोन पेरांवरची पानं काढा. मातीत पुरलेलं पान कुजतं आणि कूज खोडात शिरते.

४. तुकडा उभा खोचू नका. आडवा ठेवा, पानं काढलेली ती दोन पेरं बोटाने चिखलात दाबा आणि शेंडा वर मोकळा ठेवा. उभ्या तुकड्याला एका जागी मुळं येतात, आडव्याला प्रत्येक पेरावर.

५. दोन तुकड्यांत दहा सेंटिमीटर अंतर ठेवा. बारा इंची टबात सात ते नऊ तुकडे बसतात. दाट लावलं तर दीड महिन्यात वेलावर वेल चढतो आणि खालचा पाला पिवळा पडतो.

६. टब आठवडाभर सावलीत ठेवून मग उन्हात हलवा.

तपासणी: दहाव्या दिवशी एक तुकडा हळूच ओढून बघा. माती धरून ठेवतो आहे असं वाटलं की मूळ धरलं. सहज निघून आला तर माती फार पातळ आहे. वरचं पाणी ओतून टाका आणि पेर पुन्हा दाबा.

टप्पा ५: पाणी, ऊन आणि डास

पाण्याची पातळी मातीच्या बरोबरीने हवी. माती बोटाने दाबली की पाणी वर यायला पाहिजे, पण मातीवर तळं साचायला नको. नीरब्राह्मी पाण्याखालीही तग धरते, पण साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. बाल्कनीत डेंग्यूच्या डासांची पैदास करून औषधी झाड वाढवण्यात काही अर्थ नाही. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी टब बघा आणि बाजूचं भोक पानांनी बुजलेलं नाही ना, याची खात्री करा. मोठ्या टाकीत लावली असेल तर गप्पी मासे सोडा.

रोज किमान चार-पाच तास ऊन द्या. सावलीत वाढलेली ब्राह्मी पटकन ओळखता येते: पेरापेरांत अंतर वाढतं, पानं पातळ होतात आणि वेल लोळतो. लोकांना ती ‘छान वाढली’ असं वाटतं, पण कापून तराजूवर ठेवली की खरं कळतं. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी बारा ते चार हिरव्या जाळीची सावली करा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी द्या. मेमध्ये जळालेल्या बहुतेक ब्राह्मींचा टब एखाद-दुसरा दिवस कोरडा राहिलेला असतो. घरातले गावाला जातात, शेजारी कुंड्यांना घालावं तसं वरवर पाणी शिंपडतात, आणि परत येईपर्यंत गादी तपकिरी झालेली असते. गावाला जायचं असेल तर टब बाजूच्या भोकाच्या उंचीपर्यंत पाणी भरलेल्या मोठ्या भांड्यात सावलीला ठेवून जा. परत आल्यावर त्या भांड्यातलं पाणी लगेच फेकून द्या.

खत महिन्यातून एकदा, मूठभर गांडूळखत पुरतं. युरिया नको. पाला लुसलुशीत होतो, पण तो वाळवताना काळा पडतो आणि कीडही बोलावतो. नाकतोडे आणि पानं खाणाऱ्या अळ्या येतात. त्या हाताने वेचा, फारच झाल्या तर निंबोळी अर्क फवारा. शेवटच्या फवारणीनंतर किमान दोन आठवडे कापणी करू नका. रासायनिक कीटकनाशक कुठल्याही टप्प्यावर नको. ही पानं पोटात किंवा डोक्यावर जायची आहेत.

टप्पा ६: कापणी

लागवडीनंतर ७५ ते ९० दिवसांनी, फुलं दिसू लागली की कापणीला घ्या. जूनअखेर लावलेली ब्राह्मी सप्टेंबरच्या अखेरीला तयार होते. मात्र ती वाळवायची असेल तर परतीचा पाऊस संपेपर्यंत थांबा. दमट हवेत हा रसाळ पाला वाळत नाही, कुबट होतो. ऑक्टोबरचं कोरडं ऊन लागलं की कापा. लगेच तेल करणार असाल तर थांबायची गरज नाही.

कापणीच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नका. सकाळी दव सुकल्यावर कात्रीने कापा आणि मातीपासून चार-पाच सेंटिमीटर खोड मागे ठेवा. उपटू नका. मुळासकट ओढलं की चिखल पानांत जातो, धुण्यात तासभर मोडतो आणि खोडवा (मागे ठेवलेल्या खोडातून पुन्हा येणारं पीक) मिळत नाही, तो तोटा वेगळाच.

तपासणी: कापलेल्या पाल्यात घोळ, जलपिंपळी, लव्हाळा यांचे तुकडे नाहीत ना, ते एका ताटात पसरून बघा. धुतल्यानंतर हे निवडणं दुप्पट कठीण जातं.

टप्पा ७: धुणं आणि वाळवण

आधी धुवा, मग निथळा, मग चिरा. पुष्कळ जण आधी चिरून मग धुतात. कापलेल्या प्रत्येक टोकातून रस पाण्यात जातो आणि त्याच टोकातून पाणी आत शिरतं.

१. मोठ्या पातेल्यात तीन पाण्यांनी धुवा. पाला पाण्यातून वर उचला, पातेलं उलटं करून ओतू नका. ओतलं तर खाली बसलेली माती परत पाल्यावर येते.

२. चाळणीत तासभर निथळू द्या. मग सुती पंचावर पसरून टिपून घ्या.

३. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा. पानं लवकर वाळतात, खोडं मागे राहतात. तुकडे केले की हा फरक कमी होतो.

४. सावलीत, हवेशीर जागी, मलमलीच्या कापडावर एकच थर पसरा. खाली खाट किंवा जाळी असेल तर हवा दोन्हीकडून लागते. पंखा लावला तरी चालतो. वर्तमानपत्राची शाई पाल्याला लागते, प्लॅस्टिकवर खालून घाम धरतो, म्हणून दोन्ही टाळा.

५. सकाळ-संध्याकाळ हलक्या हाताने परतवा. रात्री हवा दमट असेल तर घरात घ्या.

पाच ते आठ दिवस लागतात. पाला काळा पडला तर तीनपैकी एक कारण असतं: थर जाड होता, पाला ओला असतानाच झाकून ठेवला होता, किंवा थेट उन्हात टाकला होता. हिरवट-तपकिरी रंग आला तर ठीक आहे. काळा आणि कुबट वासाचा पाला फेकून द्या, तो तेलातही वापरू नका.

तपासणी: खोडाचा तुकडा वाकवला तर कट्कन मोडला पाहिजे. त्यानंतर वाळलेला पाला काचेच्या कोरड्या बरणीत भरा, झाकण घट्ट लावा आणि चोवीस तास ठेवा. दुसऱ्या दिवशी काचेच्या आतल्या बाजूला धुकं दिसलं तर अजून ओलावा आहे. बाहेर काढून दोन दिवस पुन्हा वाळवा. ही एक चाचणी केली तर बुरशीच्या बहुतेक तक्रारी संपतात.

टप्पा ८: तेल

घरोघरी चालणारी पद्धत अशी: तेल कडकडीत तापवायचं, त्यात ओली पानं टाकायची, तडतड थांबली की उतरवायचं. यात पानं तळली जातात, कडा करपतात, आतला ओलावा मात्र तेलात उतरतो. शिवाय गरम तेलात पाणी पडलं की ते उसळून हात भाजतो, ते वेगळंच.

आयुर्वेदात तेल सिद्ध करण्याचं सर्वसाधारण प्रमाण आहे एक भाग कल्क, चार भाग तेल, सोळा भाग द्रव. पाव लिटर तेलाला ते असं बसतं:

कल्क: ६० ग्रॅम ताजी पानं, पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये चटणीसारखी बारीक वाटून.
तेल: २५० मिली. घाण्याचं तिळाचं तेल घ्या, कोकणात खोबरेल चालतं. खोबरेल थंडीत गोठतं, तेवढं लक्षात ठेवा.
द्रव: १ लिटर नीरब्राह्मीचा रस.

एक लिटर रसाला दोन किलोच्या वर पाला लागेल, आणि घरच्या चार टबांतून तेवढा निघणार नाही. जितका रस निघेल तेवढा घ्या आणि उरलेलं पाणी घालून एक लिटर करा. तेल शास्त्रोक्त तेलापेक्षा सौम्य होईल, पण नीट होईल. पाणी अजिबात न घालणं ही मात्र चूक आहे. द्रव आटेपर्यंत कल्क शंभर अंशांच्या आसपास मंद शिजत राहतो, तेलाचं तापमान त्याच्या फार वर जात नाही. द्रव नसेल तर तो सरळ तळला जातो.

रस गाळून उरलेला चोथा कल्क म्हणून वापरू नका. त्यात तंतूच जास्त राहतात आणि पुढे सांगितलेली वात त्याची वळत नाही. कल्कासाठीची साठ ग्रॅम पानं आधीच वेगळी काढून ठेवा.

भांडं जाड बुडाचं, स्टीलचं आणि किमान चार लिटरचं घ्या. फेस वर येतो आणि छोटं भांडं उतू जातं. लोखंडी कढईत तेल काळपट होतं.

१. गॅस लावण्याआधी थंड भांड्यात कल्क, तेल आणि द्रव तिन्ही एकत्र घाला आणि ढवळा.

२. मध्यम आचेवर उकळी आणा, मग आच मंद करा. उकळी फुटत राहावी, पण उसळू नये.

३. पहिला तास-दीड तास अधूनमधून पळीने तळापासून ढवळा. कल्क तळाला बसून करपतो, म्हणून पळी तळाला घासली पाहिजे.

४. द्रव आटत आला की आवाज बदलतो. आधी मोठ्या बुडबुड्यांची खदखद असते, मग बारीक चरचर येते. इथून पुढे भांड्यासमोरून हलू नका. फोन आला तर गॅस बंद करून घ्या.

५. आता पळीवर थोडा कल्क घ्या, फुंकर मारून थंड करा आणि अंगठा-तर्जनीत वळा. चिखलासारखा बोटांना चिकटला तर पाणी आहे. आणखी पाच मिनिटांनी पुन्हा बघा. गोळी होते, पण दाबली की पसरते: हा मृदू पाक. अजून थोड्या वेळाने तोच कल्क बोटांत फिरवला की देवापुढच्या वातीसारखा लांब, गुळगुळीत वळतो आणि बोटं स्वच्छ राहतात. हा मध्यम पाक, आणि घरी इथेच थांबायचं. यापुढे वात वळताना तुटू लागते, कल्क रवाळ लागतो: तो खर पाक. त्याच्याही पुढे गेलं तर करपलं.

६. वात वळली की दुसरी परीक्षा. कापसाची वात तेलात बुडवून, भांड्यापासून दूर, चिमट्यात धरून पेटवा. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. शांत जळली तर तेल सिद्ध झालं.

७. याच सुमारास तेलावर फेस येतो. फेस दिसला की लोक घाबरून आच वाढवतात किंवा पाणी मारतात. दोन्ही करू नका, गॅस बंद करा. याच पद्धतीने औषधी तूप करत असाल तर खूण उलटी आहे: तिथे तयार होताना फेस बसतो.

पाव लिटरला सगळं मिळून दोन ते तीन तास लागतात. घाई असलेल्या दिवशी तेल करायला घेऊ नका.

८. तेल कोमट झालं की कोरड्या मलमलीतून गाळा. फडकं हलकं दाबा. पिळून काढलेलं शेवटचं गढूळ तेल वेगळं ठेवा आणि आधी तेच वापरून टाका. मोठ्या बाटलीत ते मिसळलं तर सगळं तेल बिघडू शकतं.

९. गाळलेलं तेल एक दिवस झाकून स्थिर ठेवा. तळाला गाळ बसतो. वरचं नितळ तेल पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत अलगद ओता आणि तळचं एक बोट तेल मागे सोडा. बाटली धुऊन लगेच भरू नका, आदल्या दिवशी धुऊन उन्हात वाळवा.

बाटलीवर वनस्पतीचं नाव आणि तारीख लिहा. अंधाऱ्या, थंड जागी ठेवून सहा महिन्यांत संपवा. खवट वास आला की डोक्याला लावू नका.

वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली नाही तरच डोक्याला लावा. डोक्याला मालिश करायला हे तेल फार चांगलं आहे, झोपण्यापूर्वी लावलं की हलकं वाटतं. पण यामुळे नवे केस उगवतात, असं मी कुणाला सांगत नाही.

टप्पा ९: पोटात घ्यायची असेल तर

आयुर्वेदिक फार्माकोपियात नीरब्राह्मीच्या चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम दिली आहे. ‘घरचीच आहे’ म्हणून चमचे भरून घेऊ नका. रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ, पोटात मुरडा आणि जुलाब हे त्रास अनेकांना होतात, म्हणून जेवणानंतर घ्या. चार दिवसांत स्मरणशक्ती वाढेल अशी अपेक्षा नको. अर्कावरच्या बऱ्याच चाचण्या बारा-बारा आठवडे चालवलेल्या आहेत.

गर्भारपणात आणि अंगावर पाजताना घेऊ नका. थायरॉइडची गोळी, झोपेची किंवा फिट्सची औषधं, विस्मरणासाठीची औषधं चालू असतील, नाडी मुळातच मंद असेल किंवा दम्याचा त्रास असेल, तर वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. परीक्षेच्या आधी मुलांना द्यायची असेल तरी आधी विचारा. ओल्या मातीलगत वाढलेला पाला कच्चा खायचा झाला तर स्वच्छ पाण्यावर वाढलेला आणि नीट धुतलेलाच घ्या. लहान मुलांना कच्चा देऊ नका.

टप्पा १०: कापलेल्या टबाचं पुढे काय

कापणी झाल्यावर त्याच दिवशी टबात दोन मुठी गांडूळखत पसरा आणि पाणी पुन्हा मातीच्या पातळीला आणा. दोन दिवस सावली द्या. आठवड्याभरात प्रत्येक पेरातून नवा फुटवा दिसतो. ऑक्टोबरात कापलेल्या टबाचा खोडवा थंडीमुळे हळू येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा कापायला मिळतो. दोन-तीन कापण्यांनंतर खोडं जाड आणि लाकडी होतात, पानं बारीक पडतात. तेव्हा शेंड्यांचे तुकडे काढून नव्या मातीत लावा. जुनी माती पसरून उन्हात तापवली आणि अर्धं नवं शेणखत मिसळलं की पुढच्या जूनला तीच पुन्हा टबात भरता येते.